दुष्काळी कामावरची नाटकमंडळी

यंदाच्या अंकासाठी काही तरी इतिहासातले लिहा, असा संपादकांचा निरोप आला. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला विषयांचा तोटा नसावा. पण लिहायला बसलो आणि डोळ्यांपुढे पानिपत येईना की रायगड येईना. आला तो आमच्या गावचा एक म्हातारा ढोलकीवाला.

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता. तमाशाच्या धंद्याशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना पाडव्याचे महत्त्व सांगायला नको. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंचमंडळी येतात, सुपाऱ्या ठरतात आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांचा हंगाम उभा राहतो. वर्षाची भाकर त्या हंगामात मिळवायची. त्या साली नेमक्या पाडव्याच्याच दिवशी सारा देश कुलूपबंद झाला. जत्रा राहिल्या, फड राहिले, ढोलक्या खुंटीला लागल्या.

आम्ही पाचसहा पेन्शनरांनी वर्गणी काढून श्रावणात गरजूंना शिधा वाटला. गहू, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, अशी एकेक पिशवी. हा ढोलकीवाला जवळजवळ माझ्याच वयाचा. सारा गाव त्याला अण्णा म्हणतो. त्याने पिशवी घेतली, कपाळाला लावली आणि जाता जाता म्हणाला, "गुरुजी, पोटाचं भागलं. पर चार म्हयने झाले, कुनी 'वाजीव' म्हनलं न्हाई बगा."

मी काय बोललो? "अण्णा, दिवस कसले आलेत आणि तुम्हांला ढोलकी कसली सुचते!" असे काहीसे बोलून गेलो. तो काही न बोलता मान हलवून निघून गेला. माझे ते वाक्य पुढे कितीतरी दिवस मलाच टोचत राहिले. लोक अडचणीत असले म्हणजे करमणूक ही चैन, आणि करमणूक करणाऱ्याने तोवर गप्प बसावे, असे आपण सभ्य माणसे अगदी सहज धरून चालतो. ते खरे आहे का? एका सरकारने एकदा हा प्रश्न चार वर्षे प्रत्यक्ष प्रयोग करून तपासला होता. तो प्रयोग मी वर्गात कधी शिकवला नाही, कारण क्रमिक पुस्तकात त्याला जागा नव्हती. आज दिवाळीच्या निमित्ताने सांगतो.

*

ही हकीकत अमेरिकेतली. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पुढच्या तीनसाडेतीन वर्षांत बँका बुडाल्या, कारखाने थंडावले, शेतमाल बाजारात नेण्याचे भाडेही सुटेना. १९३३ साली काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे एक बेकार होता; म्हणजे सव्वा कोटीच्या वर माणसे. त्या वर्षीच्या ४ मार्चला फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, आणि १९३५ साली त्यांनी बेकारांना काम पुरवणारे एक प्रचंड खाते उघडले.

त्या खात्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. आपल्या माणसाला एका शब्दात सांगायचे तर ती दुष्काळी कामे होती. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे बायाबापड्या खडी फोडायला बसल्या होत्या, पाझर तलावांवर माती वाहत होत्या. त्याच जातीची, पण अमेरिकी मापाची. रस्ते, पूल, शाळा, विमानतळ अशी कामे काढायची आणि बेकाराच्या हातात मजुरी ठेवायची. खात्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स. आयोवा राज्यातल्या खोगीर बनवणाऱ्याचा हा मुलगा गरिबांच्या वस्त्यांत काम करून वर आला होता. फुकटच्या शिध्याने माणसाचे शरीर जगते पण उमेद मरते, काम देऊन मजुरी दिली तर दोन्ही जगतात, हा त्याचा ठाम सिद्धान्त. श्रावणात अण्णा माझ्यापाशी जे बोलला, तेच हे. फक्त अण्णाच्या हाती सरकारी खाते नव्हते.

आता अडचण अशी की खडी फोडणाऱ्याला खडी देता येते. नटाला काय द्यायचे? फिडल वाजवणाऱ्याच्या हाती फावडे दिले तर सहा महिन्यांनी मंदी हटेलही, पण त्याची बोटे परत येणार नाहीत. आणि असे लोक काही थोडेथोडके नव्हते. मंदीने इतरांना एकदा मारले होते. नाटकवाल्यांना त्याआधीच बोलपटाने मारले होते. १९२७ पासून पडदा बोलू लागला. मूकपटाच्या साथीला दर थिएटरात वादकांचा ताफा बसत असे. तो एका झटक्यात नको झाला. नकला, गाणी, कसरती, जादू असे सगळे एका तिकिटात दाखवणारे 'व्हॉडव्हिल'चे खेळ गावोगाव चालत. त्यांची थिएटरे सिनेमाला गेली.

हे वाचताना मराठी माणसाला आपलेच घर आठवेल. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला, आणि आपल्या नाटकमंडळ्यांचे दिवस फिरले. मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने 'कृष्णार्जुन युद्ध' चित्रपट काढून पाहिला. खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'साठी कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. आपल्याकडचे परके सरकार या मंडळ्यांसाठी काही करील अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. अमेरिकेत मात्र त्याच १९३५ साली हॉपकिन्सने ठरवले की चित्रकार, लेखक, वादक आणि नट यांना त्यांचेच काम द्यायचे. लोकांनी नाके मुरडली. हॉपकिन्सचे उत्तर साधे होते: यांनाही इतरांसारखीच भूक लागते.

*

नाटकांच्या विभागाचे नाव 'फेडरल थिएटर प्रोजेक्ट'. त्याची सूत्रे हॉपकिन्सने ब्रॉडवेवरच्या एखाद्या मातबर मालकाकडे न देता हॅली फ्लॅनगन या प्राध्यापिकेकडे दिली. या बाई व्हासर नावाच्या मुलींच्या कॉलेजात नाट्यशास्त्र शिकवीत. हॉपकिन्स आणि त्या ग्रिनेल कॉलेजात एकाच काळात शिकलेली. २७ ऑगस्ट १९३५ रोजी बाईंनी शपथ घेतली आणि कामाला लागल्या.

नियम असा की दहांतली नऊ माणसे सरकारी मदतीच्या यादीतली पाहिजेत. म्हणजे नट चांगला आहे की नाही हे नंतर. तो बेकार आहे ना, हे आधी. न्यूयॉर्कात पगार आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट. चैन होण्यासारखा नव्हे, पण घरभाडे देऊन चूल पेटावी इतका. ऐन भरात या खात्यावर बारा हजारांच्या वर माणसे होती. नटांबरोबर सुतार, शिंपी, दिवेवाले, वादक, तिकिटे फाडणारेसुद्धा. आपण नाटक म्हटले की नट पाहतो. पण एका नटामागे किती हातांची चूल असते, हे त्या हजेरीपत्रकावरून कळावे.

या मंडळींनी काय केले म्हणाल, तर काय नाही केले! सर्कस काढली. पुढे चित्रपटात गाजलेला बर्ट लँकेस्टर त्या सर्कशीत कसरती करी. कळसूत्री बाहुल्या नाचवल्या. बागांत, इस्पितळांत, अनाथाश्रमांत, शाळांत खेळ केले. जंगलखात्याच्या कामावर गेलेल्या बेकार तरुणांच्या छावण्या होत्या, तिथे एक खुनाच्या खटल्याचे नाटक नेले. त्यात साक्षीदारांची कामे छावणीतल्या पोरांनाच द्यायची. दिवसभर झाडे लावून आलेली ती पोरे साक्ष देताना किती खिदळली असतील, याची कल्पना करावी. शेकडा पासष्ट प्रेक्षकांना तिकीटच नव्हते. त्या प्रेक्षकांपैकी असंख्यांनी जिवंत नट त्याआधी कधी पाहिला नव्हता.

आणि सर्वच काही हसण्याखिदळण्याचे नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काळ्या लोकांची वस्ती. बेकारी गोऱ्यांच्या मानाने तिथे अधिकच भीषण. तिथल्या लाफायेट थिएटरात १४ एप्रिल १९३६ रोजी 'मॅकबेथ' लागले. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, वय वर्षे वीस. सव्वाशेच्या वर कलावंत, सारे काळे, आणि त्यांतल्या बहुतेकांनी धंदेवाईक रंगभूमीवर कधी पाऊल ठेवलेले नव्हते. वेल्सने स्कॉटलंड काढून हैती बेट आणले आणि शेक्सपिअरच्या चेटकिणींच्या जागी तिथले मांत्रिक आणि त्यांचे नगारे. पहिल्या रात्री रस्त्यात दहा हजार माणसांची गर्दी झाली, वाहतूक बंद पडली. नाटक तिथे दहा आठवडे भरगच्च चालले आणि मग देशभर हिंडले. ज्या नटांना तोवर हमाल आणि मोलकरीण यांपलीकडे भूमिका मिळत नसत, ते राजा आणि राणी झाले होते. हार्लेमचा माणूस त्या रात्री घरी परतला तेव्हा त्याच्या खिशात एक पैही जास्त नव्हती. पण तो पाठ ताठ करून चालला असेल, यात मला शंका नाही.

इथे मला हा विषय पहिल्यांदा नीट कळला. वाईट दिवसांत माणसाचा जीव वर काढायचा म्हणजे त्याला त्याचे दुःख विसरायला लावायचे, असे आपण समजतो. थोडा वेळ विसरणे गरजेचे असतेच. सर्कशीचा विदूषक त्यासाठीच असतो. पण माणसाला दुसरीही एक भूक असते. आपल्यावर काय कोसळले आहे ते कुणी तरी आपल्याला समजावून सांगावे, आणि आपले दुःख चार लोकांत बोलण्याच्या लायकीचे आहे असे वाटावे, ही ती भूक.

ती भागवण्यासाठी या खात्याने एक नवाच प्रकार काढला: जिवंत वर्तमानपत्र. बेकार नटांबरोबर बेकार वार्ताहरही यादीत होतेच. त्यांनी कागदपत्रे, भाषणे, आकडे गोळा करायचे आणि त्यांचे प्रवेश बांधायचे. १४ मार्च १९३६ रोजी त्यांनी शेतकऱ्यांवरचे नाटक लावले. शेतकऱ्याला धान्याचा काय भाव मिळतो, ते हातोहात फिरत शहरातल्या गिऱ्हाइकाच्या ताटात पडेपर्यंत काय भाव होतो, आणि मधला पैसा कुठे जिरतो, हे त्यात रंगमंचावर उलगडून दाखवले होते. पुढे विजेच्या दरांवर नाटक झाले. १७ जानेवारी १९३८ ला घरांच्या प्रश्नावरचे नाटक लागले. देशातली एकतृतीयांश जनता धड घर, कपडा, अन्न यांवाचून आहे, असे रूझवेल्ट आपल्या १९३७ च्या भाषणात म्हणाले होते. त्यावरूनच नाटकाचे नाव घेतले. पडदा वर जाताच रंगमंचावर चाळीची भलीमोठी इमारत, आणि तिला लागलेली आग! जे लोक अशाच चाळींत राहत होते ते हे पाहायला येत होते. न्यूयॉर्कात त्याचे २३७ प्रयोग झाले.

आणि बाईंच्या धाडसाची कमाल म्हणजे २७ ऑक्टोबर १९३६ ची संध्याकाळ. लोकशाही देशात हुकूमशाही कशी शिरते यावर सिंक्लेअर ल्यूइसची कादंबरी होती. तिचा चित्रपट काढायचे एका बड्या कंपनीने ठरवून सोडून दिले होते. बाईंनी तिचे नाटक एकाच संध्याकाळी देशात एकवीस ठिकाणी लावले. सिअ‍ॅटलला काळ्या नटांचे, टँपाला स्पॅनिश भाषेत, न्यूयॉर्कात इंग्रजीबरोबर ज्यूंच्या यिडिश भाषेतही. ज्याचा त्याने आपल्या बोलीत पाहावे.

*

सरकारने पगार दिलेल्या नटाने सरकारला किती टोचावे, हा प्रश्न कधी ना कधी येणारच होता. खरे तर तो पहिल्याच जिवंत वर्तमानपत्राला आला. इटलीने अ‍ॅबिसिनियावर केलेल्या स्वारीवरचा तो प्रयोग १९३६ च्या जानेवारीत वॉशिंग्टनने अडवला, आणि न्यूयॉर्क विभागाचे प्रमुख, नाटककार एल्मर राइस, राजीनामा देऊन मोकळे झाले.

१९३७ च्या जूनमध्ये याहून मोठा तमाशा झाला. पोलादाच्या कारखान्यातल्या मालक-मजुरांवर मार्क ब्लिट्झस्टाइनने संगीत नाटक लिहिले होते; दिग्दर्शक पुन्हा वेल्स. त्याच सुमारास खर्चात कपात झाली आणि १ जुलैपूर्वी कोणतेही नवे नाटक लावू नये असा हुकूम आला. १६ जूनला प्रेक्षक थिएटरापाशी आले तर दाराला कुलूप आणि पहारा. कपडेपट आत, नेपथ्य आत. मंडळींनी धावाधाव करून दुसरे थिएटर मिळवले, भाड्याचा पियानो ट्रकवर चढवला, आणि प्रेक्षकांसह सारी वरात एकवीस गल्ल्या चालत तिथे गेली. नटसंघाच्या नियमाने नटांना त्या रंगमंचावर पाऊल ठेवता येत नव्हते. तेव्हा नाटककार एकटाच पियानोशी बसला आणि स्वतःच गाऊ लागला. इतक्यात प्रेक्षकांतून एक बारीक आवाज आला. ऑलिव्ह स्टँटन नावाची नटी आपल्या खुर्चीपाशी उभी राहून आपले गाणे म्हणत होती. ती त्या सरकारी पगारावरच जगत होती. नोकरी गेली असती तर तिच्यापाशी दुसरे काही नव्हते. तिच्या मागोमाग एकेक नट आपापल्या जागी उभा राहिला आणि सारे नाटक प्रेक्षागृहातच झाले. नियम असा होता की रंगमंचावर चढायचे नाही. खुर्चीत बसून गायचे नाही असे कुणी लिहिले नव्हते!

हे सारे विरोधकांना मिळालेले आयते कोलीत होते. १९३८ साली टेक्ससचे मार्टिन डाइज यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसची चौकशी समिती बसली. नाटकखाते म्हणजे कम्युनिस्टांचा अड्डा, असा आरोप. बीव्हर नावाच्या प्राण्यांवरचे मुलांचे एक नाटकही त्यात आले. ते पाहून आलेल्या मुलांना विचारले, तर त्यांना त्यातून कळले होते ते एवढेच की माणसाने आपमतलबी असू नये. ६ डिसेंबरला बाईंची साक्ष झाली. त्यांच्या एका जुन्या लेखात मार्लोचे नाव आले होते. अलाबामाचे सभासद स्टार्न्स यांनी विचारले, हा मार्लो कम्युनिस्ट आहे काय? सभागृहात हशा पिकला. मार्लो १५९३ साली वारला. बाईंनी शांतपणे सांगितले की शेक्सपिअरच्या आधीच्या काळातला हा सर्वांत मोठा नाटककार, अशी नोंद व्हावी. त्या स्वतः मात्र हसल्या नाहीत. अशा प्रश्नांवर आठ हजार माणसांची भाकर टांगली आहे, हे त्यांना दिसत होते.

झाले तसेच. काँग्रेसने पैसा बंद केला आणि ३० जून १९३९ रोजी खाते मिटले. त्या रात्री न्यूयॉर्कच्या रिट्झ थिएटरात मुलांचे 'पिनोकिओ' चालू होते. लाकडाचा बाहुला शेवटी खराखुरा मुलगा होतो, ही ती गोष्ट. त्या दिवशी नटांनी शेवट बदलला. पिनोकिओ मुलगा झालाच नाही, तो मेला. प्रेक्षकांदेखत कामगारांनी नेपथ्य पाडले. बाहुल्याला देवदाराच्या पेटीत ठेवले आणि वर पाटी लिहिली: जन्म २३ डिसेंबर १९३८, काँग्रेसच्या कायद्याने मृत्यू ३० जून १९३९.

*

हिशेब मांडला पाहिजे, आणि तो खरा मांडला पाहिजे. या नाटकांनी मंदी हटली नाही. ती हटली महायुद्धाच्या कारखान्यांनी. सगळी नाटके चांगली होती असेही नाही; यादी बेकारांची होती, गुणवंतांची नव्हे. निम्म्याच्या आसपास माणसे एकट्या न्यूयॉर्कातली होती, म्हणून बाकीच्या राज्यांना आपल्या कराचे पैसे फुकट गेले असे वाटे. पण चार वर्षांत सुमारे तीन कोटी प्रेक्षकांची हजेरी लागली. खर्च साडेचार कोटी डॉलरांच्या थोडा वर. दुष्काळी कामांच्या सगळ्या खर्चात तो शेकडा एक टक्काही नव्हता. रस्ते आणि पूल डोळ्यांना दिसत राहिले. नाटकाचे काय राहते? संहिता, आराखडे, पोशाखांची चित्रे, छायाचित्रे असे सारे खोक्यांत भरून कुठे तरी पडले आणि लोक विसरले. १९७४ साली जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांना ती खोकी बाल्टिमोरजवळ विमानांच्या एका जुन्या शेडमध्ये सापडली. हॅली फ्लॅनगन १९६९ सालीच वारल्या होत्या.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर काय? मला समजले ते असे. वाईट दिवसांत करमणूक ही चैन नव्हे. पण तिची सुरुवात प्रेक्षकांना हसवण्यापासून होत नाही. ती हसवणाऱ्याच्या चुलीपासून होते. हॉपकिन्सने लोकांची मने रिझवावीत म्हणून नट नेमले नाहीत. नट उपाशी होते म्हणून नेमले, आणि त्यांना त्यांचे काम मानाने दिले. लोकांचे मन वर आले ते त्यातून. नुसता शिधा वाटला असता तर नट जगले असते आणि हार्लेमच्या रस्त्यात ती गर्दी कधीच झाली नसती.

अण्णाचे सांगायचे राहिले. त्या साली दिवाळीच्या पाडव्याला देवळे उघडली. तुळशीच्या लग्नाला आम्ही मारुतीच्या पटांगणात तीसपस्तीस खुर्च्या लांब लांब मांडल्या आणि मी स्वतः अण्णाच्या घरी जाऊन म्हणालो, "अण्णा, उद्या संध्याकाळी वाजवायचे आहे." त्याने दोऱ्या ताणून ढोलकी लावायला अर्धा तास घेतला. मग असा वाजवला की तोंडावर फडकी बांधलेली ती माणसे खुर्चीत बसल्या बसल्या डोलू लागली. कधी नव्हे ते आमच्या घरातूनही दाद आली.

दुसऱ्या दिवशी आमचे खजिनदार वही घेऊन आले. अण्णाला पाकीट दिले होते, त्याची नोंद करायची होती. शिधावाटपाचे खाते उघडून त्यांनी विचारले, "गुरुजी, हे मदतीत घालू ना?"

मी म्हटले, "नाही. नवे पान घ्या, आणि वर 'मजुरी' असे लिहा."